चौदा पाट्या

माझा स्वभाव संशयी आहे, हे मी आधीच सांगून टाकते. दुकानात दुधाची बाटली मी नेहमी मागच्या रांगेतली उचलते, कारण पुढे ते जुना माल लावतात. शेजारी बसलेला माणूस फार गोड बोलू लागला की मी पर्स मांडीवर घेते. आणि खालचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय जर्मनीतल्या अठ्ठावीस वर्षांत मी एकाही कागदावर सही केलेली नाही. एक कागद सोडून. ही त्या कागदाची गोष्ट आहे.

आमचा कारखाना स्टुटगार्टच्या बाहेर, एस-बान लोकलने पंचवीस मिनिटांवर. पाण्याच्या पंपांना लागणाऱ्या झडपा आम्ही बनवतो. मी मोजमापाच्या टेबलाशी बसते. जुळवून आलेली झडप मोजायची, बरोबर असेल तर शिक्का मारायचा, नसेल तर परत पाठवायची. शिवाय मी बेट्रीब्सराटमध्ये आहे. ही कामगारांनी निवडून दिलेली समिती, आम्ही सात जण. कामगारांवर नजर ठेवू शकेल असं कुठलंही यंत्र मालकाला आमच्या मंजुरीशिवाय आणता येत नाही. मी तिसऱ्यांदा निवडून आले आहे. संशयी बाईचा उपयोग कुठे होतो, तो असा.

माझ्या टेबलासमोर जुळणीची चौथी ओळ आहे. चौदा माणसं, चौदा टेबलं. सातव्या टेबलावर रेनाटे. वय एकसष्ट, त्यातली अडतीस वर्षं याच ओळीत. मी इथे नवी लागले तेव्हा मीही त्याच ओळीत होते, आठव्या टेबलावर. रबराची कडी माझ्या बोटांतून निसटून टणकन उडायची आणि मी टेबलाखाली शोधत बसायची. इतरांच्या निम्म्या झडपासुद्धा माझ्याकडून होत नसत. पहिल्या आठवड्यात मला वाटलं, शुक्रवारी हातात नारळ मिळणार.

मिळाला नाही, कारण आमच्या ओळीची एक रीत होती. पाळी संपताना एक कागद भरायचा असे. प्रत्येकाच्या नावापुढे त्यानं किती झडपा केल्या तो आकडा. पण आपापला आकडा कुणीच लिहीत नसे. ज्याचं अक्षर चांगलं तो एकटा सगळा कागद भरी, आणि सगळ्यांच्या नावापुढे सारखाच आकडा भरी. एकूण बेरीज खरी, वाटणी सारखी. हे कुणी सुरू केलं ते कुणालाच माहीत नव्हतं, आणि वरच्या साहेबांना बेरजेशी मतलब होता. तेव्हा कागद रेनाटे भरायची. माझ्या नावापुढे तिनं इतरांइतकाच आकडा लिहिला, मी बघत राहिले, तर म्हणाली, “बघतेस काय? कोट घाल, गाडी चुकेल.” माझं जर्मन तेव्हा एवढंच होतं की वाक्य कळलं नाही, पण आकडा कळला.

पुढे मी मोजमापाला गेले आणि कागद भरायचं काम माझ्याकडे आलं. गेल्या वर्षी दिवाळीच्या सुमाराला रेनाटेनं मला कपडे बदलायच्या खोलीत थांबवलं आणि उजवा हात पुढे केला. तो थरथरत होता. सकाळी गोळी घेतली की दुपारी दीडपर्यंत ठीक असतं, मग सुरू होतं, म्हणाली. रेंटेला, म्हणजे तिच्या निवृत्तीला, एकोणीस महिने उरले होते. तिला ते आपल्या टेबलावर काढायचे होते. “तुझ्याशिवाय कुणाला माहीत नाही,” असं ती दोनदा म्हणाली. मी म्हटलं, कागद माझ्याकडे आहे, तू काळजी करू नकोस.

आणि मग टॅबलेट आले.

आमचे उत्पादनप्रमुख हेर, म्हणजे श्रीयुत, श्टाइनले यांनी कुठल्याशा प्रदर्शनात ते पाहिले आणि त्यांना दुसरं काही सुचेना. प्रत्येक टेबलावर एक टॅबलेट. त्यावर झडपेचं चित्र, कुठला भाग घ्यायचा ते, आणि झडप झाली की दाबायचं एक हिरवं बटण. कागद बंद. त्यांनी नमुन्याला दोन आणले आणि जेवणाच्या सुट्टीत ठेवून दिले. मी लांबून बघत होते. ज्या माणसांनी वीस वर्षं कॉफीच्या मशीनचा ब्रँडसुद्धा बदलू दिला नाही, ती माणसं त्या काचेवरून बोटं फिरवत उभी. चित्र मोठं करायचं, लहान करायचं, पुन्हा मोठं करायचं. आमचे हेर कॉख, ज्यांच्या घरी अजून तारेचा फोन आहे, ते तर चित्रातली झडप गोल फिरवून हसत होते. मी घरी येऊन यांना म्हटलं, “अहो, कारखान्यात पाट्या येताहेत. पाटी आपल्याला शिकवायला येत नाही, आपल्यावर लिहून ठेवायला येते.”

राजन म्हणाले, “अगं, तुला मायक्रोवेव्हबद्दलही असंच वाटलं होतं.”

टॅबलेट कसे चालवायचे यावर मात्र आमच्याकडे खरा वाद झाला. श्टाइनलेंना बाहेरच्या एका कंपनीचं तयार ॲप विकत घ्यायचं होतं. आमच्या आयटीतल्या एका मुलानं सगळ्यांसमोर उभं राहून सांगितलं की ॲप नको, साधं वेबपेज करू. तो मुलगा वेदांत.

वेदांत पुण्याचा, धायरीचा. सत्तावीस वर्षांचा, येऊन जेमतेम तीन महिने झालेले. प्रोबेत्साइट सुरू होता, म्हणजे सहा महिन्यांची परीक्षा. या काळात ते कारण न देता काढू शकतात. दर रविवारी तो आमच्याकडे जेवायला येई, आणि जाताना मी सोमवारसाठी डबा देई. पुढच्या रविवारी डबा परत यायचा तो कधीच रिकामा नसे. काही नाही तर मूठभर साखर. “आईनं बजावलंय काकू, रिकामा डबा परत द्यायचा नाही.” असा मुलगा. तो बोलायला लागला की मी पर्स मांडीवर घेत नसे.

“काकू, ॲपला टॅबलेटच्या पोटात शिरायचं असतं,” त्यानं मला पोळी खाता खाता समजावलं. “कॅमेरा, माइक, लोकेशन, सगळ्याची परमिशन मागतं ते. शिवाय त्या कंपनीनं अपडेट दिलं की आपण बसलो. वेबपेज ब्राउझरमध्ये उघडतं, बंद केलं की गेलं. काही इन्स्टॉल नाही. उद्या टॅबलेट बदला, पेज तेच.”

“म्हणजे पेजला काही दिसत नाही?”

“गेनाऊ, अगदी तसंच. ब्राउझर त्याला दाराबाहेरच उभं करतो.”

मला हे फार पटलं. दाराबाहेर उभं राहणारी वस्तू मला आवडते. श्टाइनलेंचा मुद्दा एकच होता, पण बिनतोड: मोठ्या दाबयंत्रामागे वायफाय सारखं जातं. ॲप तिथेही चालतं. तुमचं वेबपेज मान टाकणार. वेदांत मीटिंगमध्ये लाल झाला आणि म्हणाला, मला दोन आठवडे द्या. दोन आठवड्यांनी त्यानं श्टाइनलेंच्या हातात टॅबलेट दिला, भिंतीवरची वायफायची पेटी बंद केली, आणि पेज चालत राहिलं. आयटीतल्या लोकांनी टेबलं वाजवली. मीही वाजवलं. आपला मुलगा जिंकला म्हणून मला जो आनंद झाला, तो मी लपवलाही नाही.

मग करार झाला. अकरा पानं. त्यात मीच घालून घेतलेलं कलम असं की, फक्त ओळीची एकूण बेरीज ठेवायची, एकेका माणसाचा आकडा किंवा वेळ कुठेही साठवायची नाही. आमची जुनी रीत मी अशी कायद्याच्या भाषेत बसवली होती, आणि मनातून मी स्वतःवर खूश होते. कराराच्या मागे तीन पानांचं तांत्रिक परिशिष्ट होतं, आयटीनं, म्हणजे वेदांतनंच लिहिलेलं. समितीचे अध्यक्ष हेर ब्राउन म्हणाले, “कुमुदिनी, हे तू तपास. तुला यातलं कळतं, आणि मुलगा तुमच्याकडचा आहे.”

ती तीन पानं तीन दिवस माझ्या पर्समध्ये होती. एखाद्या श्मिटनं किंवा म्युलरनं लिहिली असती तर मी लाल पेन घेऊन बसले असते, शब्दाशब्दाला त्याला उभं केलं असतं. पण वेदांतनं लिहिलेलं काय तपासायचं? दर रविवारी समोर बसून वरणभात खाणाऱ्या मुलावर लाल पेन चालवायचं? मी शेवटच्या पानावर “तपासले” असं लिहिलं आणि सही केली. माझ्या शब्दावर सातही हात वर गेले.

टॅबलेट बसले. आणि मला कबूल करायला हवं, रेनाटे खुलली. पेन धरणं तिला जड जायचं, साधी सही करताना ती लोकांकडे पाठ करायची. आता एक बोट टेकवलं की काम झालं. “बघ, याला माझं अक्षर दिसत नाही,” म्हणाली. सातव्या पाटीवरचं हिरवं बटण मला इतरांपेक्षा मोठं वाटलं होतं, पण ती पाटी पुढे ओढून बसते म्हणून तसं दिसत असेल असं मी धरून चालले. तरी सवय म्हणून मी दुसऱ्याच दिवशी घरून चिकटपट्टी नेली आणि चौदाही पाट्यांच्या कॅमेऱ्यांवर लावली. लोक हसले. वेदांत सगळ्यांत जास्त हसला.

पाच आठवडे गेले. एका मंगळवारी श्टाइनले रेनाटेच्या टेबलाशी आले आणि फार मऊ आवाजात म्हणाले, “फ्राउ फोग्ट, उद्यापासून दुपारी दीडनंतर तुम्ही पॅकिंगला जा. तिथे काम हलकं असतं. तुम्हाला बरं पडेल.”

पॅकिंग म्हणजे मागच्या शेडमध्ये एकटीनं खोकी चिकटवायची. आणि तिथून पुढची पायरी सगळ्यांना माहीत आहे. आधी कंपनीचा डॉक्टर, मग “परस्पर संमतीनं” घरी. पण मला धक्का बसला तो त्या वेळेचा. दीड. श्टाइनलेंना दीड कुठून कळलं?

मी सगळ्यांवर संशय घेतला. सहाव्या टेबलावरच्या माणसावर, कारण तो श्टाइनलेंच्या गावचा. हेर कॉखवर, कारण ते रेनाटेकडे बघून उगाच मान हलवायचे. चिकटपट्ट्या कुणी उचकटल्या का म्हणून चौदाही पाट्या मी पुन्हा तपासल्या. वेदांतला विचारलं तर तो म्हणाला, “काकू, वेबपेज आहे ते. त्याला कुणाचं नावसुद्धा माहीत नाही.” हे खरंच होतं, पेजवर नाव टाकायची सोय नव्हती. मी त्याला सोडून बाकी सगळ्यांना संशयाच्या पिंजऱ्यात उभं केलं.

एका माणसाचा विचार माझ्या डोक्यात आलाच नाही, तो रेनाटेच्या डोक्यात आला. गुरुवारी कॉफीच्या सुट्टीत मी नेहमीप्रमाणे तिचा कप घेऊन गेले. तिनं तो घेतला नाही.

“फ्राउ सबनीस,” ती म्हणाली, “तुम्हाला मी विश्वासानं सांगितलं होतं.”

सव्वीस वर्षं आम्ही एकमेकींना ‘तू’ म्हणत होतो. जर्मन माणूस एकदा ‘तू’ वर आला की पुन्हा ‘तुम्ही’ वर जात नाही. गेला तर त्यानं तुमच्या तोंडावर दार लावलं असं समजायचं. मी म्हटलं, “रेनाटे, मी कुणाला एक अक्षर बोललेली नाही.” ती म्हणाली, “दीड वाजता सुरू होतं हे माझा डॉक्टर, मी आणि तुम्ही, एवढ्या तिघांना माहीत आहे. डॉक्टर श्टाइनलेंना ओळखत नाहीत.” आणि ती खोकी चिकटवायला निघून गेली. दोन हातांत दोन कप घेऊन मी तिथेच उभी राहिले. आयुष्यभर मी दुसऱ्यांवर संशय घेतला, पण तो कसा लागतो हे मला त्या दिवशी कळलं. फार लागतो.

रविवारी वेदांत आला. आल्या आल्या डबा दिला, आत बडीशेप होती. मला जेवण जात नव्हतं. ताटं उचलल्यावर मी त्याला सरळ विचारलं, “वेदांत, वायफाय जातं तेव्हा ते पेज चालतं कसं? मला नीट सांग.”

त्याला आनंदच झाला. कुणी विचारलं नव्हतं बहुधा. त्यानं पिशवीतून आपला टॅबलेट काढला. “सोपं आहे काकू. बटण दाबलं की पेज ते टॅबलेटमध्येच लिहून ठेवतं. नेटवर्क आलं की सगळं एकदम सर्व्हरला पाठवतं.”

“काय लिहून ठेवतं?”

“हेच, की बटण दाबलं.”

“कधी दाबलं ते?”

“हो, ते लागतंच ना. नाही तर क्रम कसा कळणार? टाइम आणि टॅबलेटचा नंबर.”

राजन वाटीतली बडीशेप चघळत होते, ते थांबले.

“टॅबलेटचा नंबर,” मी म्हटलं. “एक ते चौदा. आणि सात नंबरवर कोण बसतं, हे झाडू मारणाऱ्या माणसालाही माहीत आहे.”

“पण नाव नाहीये काकू.” तो हसला, मग माझ्याकडे बघून हसायचा थांबला. “आणि मी ते परिशिष्टात लिहिलंय. दुसऱ्या पानावर. नेटवर्क नसताना नोंदी वेळेसह साठवल्या जातील. तुम्ही तपासलंत ना?”

माझी सही तिसऱ्या पानावर होती.

“हे श्टाइनलेंनी बघितलं?” राजननी विचारलं.

त्यानं मान खाली घातली. मग हळूहळू सगळं बाहेर आलं. सर्व्हरवर एवढे आकडे पडलेले होते. प्रोबेत्साइट संपायला थोडेच दिवस राहिले होते. पुण्याच्या ऑफिसात त्याला एकच गोष्ट शिकवली होती, सांगितलेलं काम सगळेच करतात, न सांगता जास्तीचं काही करून दाखवलंस तर साहेबांच्या लक्षात राहशील. म्हणून एका शनिवारी बसून त्यानं एक तक्ता केला. चौदा रेघा, सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सोमवारी श्टाइनलेंना दाखवला. “त्यांनी मागितला नव्हता काकू. मीच म्हटलं, बघा, यातून हेही दिसतं. सात नंबरची रेघ दीडनंतर खाली येत होती, तर मी म्हटलं, टॅबलेटमध्ये काही प्रॉब्लेम असेल, बघतो. ते म्हणाले, टॅबलेटमध्ये नसेल.”

“तू करार वाचला होतास? एकेकाची वेळ साठवायची नाही हे कलम?”

“अकरा पानं होती, काकू. ऑफिसचं जर्मन. पहिली दोन मशीनमधून ट्रान्सलेट केली. मला वाटलं काही असेल तर तुम्ही सांगालच.”

मला वाटलं तो बघेल, त्याला वाटलं मी सांगेन. घरचंच आहे म्हणून दोघांनीही वाचलं नाही. मला त्याच्या एक थोबाडीत द्यावीशी वाटली, आणि त्याच हाताची दुसरी मला.

“मी उद्या सकाळी सातला जातो,” तो घाईघाईनं म्हणाला. “सगळं डिलीट करतो. लॉग, तक्ता, सगळं. पेज परत लिहितो, टाइम न ठेवता. आल्झो, म्हणजे कुणाला काहीच कळणार नाही.”

राजननी माझ्याकडे बघितलं. त्यांच्या नजरेत ‘हो म्हण’ एवढंच होतं. आणि खरं सांगते, तोंडावर ‘हो’ आलंच होतं. घरातली गोष्ट घरात मिटवायची, यात आपण लोक पटाईत.

“नाही,” मी म्हटलं. “काहीही पुसायचं नाही. श्टाइनलेंनी तक्ता बघितलाय, रेनाटे पॅकिंगला गेलीये. तू पुसलंस तर पुरावा जाईल आणि ती तिथेच राहील. मला उद्या समितीपुढे हे ठेवावं लागेल.”

“काकू, माझे नऊ दिवस राहिलेत.”

“माहीत आहे मला.”

“ते मला काढतील. व्हिसा त्या नोकरीवर आहे.”

“मी तुझ्या बाजूनं बोलेन. पण पुसायचं नाही. पुसलंस तर कायमचं असंच राहील की मीच तिला...” मी थांबले, पण वाक्य पोचलं होतं.

वेदांतनं वर बघितलं. अजिबात न रागावता, खरोखर विचारल्यासारखं तो म्हणाला, “म्हणजे तुमचं नाव साफ व्हावं म्हणून?”

“रेनाटेच्या कामाचा प्रश्न आहे,” मी म्हटलं. ते खरं होतं. त्यानं विचारलेलंही खरं होतं. त्यातलं कुठलं किती, याची वाटणी मला आजपर्यंत करता आलेली नाही. मी जगावर संशय घेते, तर स्वतःवरही घ्यायला हवा. त्या दिवशी त्यानं डबा न्यायला नको म्हटलं, राजननी बळेच त्याच्या पिशवीत घातला.

सोमवारी मी समितीपुढे सगळं ठेवलं. परिशिष्टाचं दुसरं पान वाचून दाखवलं आणि शेवटच्या पानावरची माझी सही दाखवली. म्हटलं, हे मी न वाचता लिहिलं, कारण लिहिणारा माझ्या घरी जेवतो. हेर ब्राउननी चष्मा काढून पुसला. मग सगळं झपाट्यानं झालं. दुपारपर्यंत चौदा पाट्या बंद. रेनाटेला पॅकिंगला पाठवायचा हुकूम मागे, कारण तो करार मोडून मिळवलेल्या आकड्यांवर दिलेला. नोंदी आधी सीलबंद, मग समितीच्या समोर नष्ट. श्टाइनलेंना विचारलं तेव्हा ते हात पसरून म्हणाले, “मी मागितलं नव्हतं. त्यानंच आणून दिलं.” आणि यात एक अक्षर खोटं नव्हतं. त्यामुळे श्टाइनलेंना काही झालं नाही.

गुरुवारी समितीच्या टेबलावर एक कागद आला. कुणालाही काढण्याआधी आमचं म्हणणं ऐकावं लागतं, तसा नियम आहे. नाव वेदांतचं. दोनच पानं होती. ती मी शब्द न शब्द वाचली, खालचं बारीक अक्षरसुद्धा. आमची हरकत म्हणून मी एक पानभर लिहिलं: यानं काही लपवलं नव्हतं, लेखी दिलं होतं, तपासणारीनं तपासलं नाही. सातही जणांनी सह्या केल्या. हरकतीची नोंद घेतली गेली आणि वेदांतला दोन आठवड्यांची नोटीस मिळाली. प्रोबेत्साइटमध्ये कारण द्यावं लागत नाही.

मी फोन केले, त्यानं उचलले नाहीत. आखनला त्याच्या एका मित्राकडे तो राहायला गेला, तिकडे नोकरी बघतोय, एवढं राजनना कळलं. जाण्याआधी तो त्यांना स्टेशनवर भेटला होता. त्यांनी घरी येऊन पिशवीतून माझा डबा काढला आणि ओट्यावर ठेवला. मी झाकण उघडलं. स्वच्छ घासलेला, कोरडा पुसलेला, रिकामा. मी तो उन्हाकडे धरून बघितला, साखरेचा एखादा कण कोपऱ्यात चिकटला असेल म्हणून. नव्हता. मग मी रडले, आणि राजननी मला मायक्रोवेव्हची आठवण करून दिली नाही.

कारखान्यात नवीन पेज होईपर्यंत जुने कागद परत आले. पहिल्याच दिवशी पाळी संपताना रेनाटे माझ्या टेबलाशी आली. अध्यक्षांनी तिला सगळं सांगितलं होतं. तिनं कॉफीचे दोन कप आणले होते, डाव्या हातात एक, आणि दुसरा उजव्या हातात, अर्धा सांडलेला. सांडलेला तिनं स्वतःकडे ठेवला.

“तू भर कागद,” म्हणाली. “तुझं अक्षर चांगलं आहे.”

‘तू’ ऐकून माझा जीव भांड्यात पडला. मी पेन उघडलं. ती शेजारी बसून बघत होती, मी कधीतरी तिच्या शेजारी उभी राहून बघितलं होतं तशी.

“त्या पाट्यांचं मला वाईट वाटतं,” ती म्हणाली. “मला पेन धरायला नको होतं. आणि तो मुलगा. तो तुमच्याकडचा, तो कुठे आहे? परत येणार आहे का?”

“नाही,” मी म्हटलं. “का?”

“चांगला होता. पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी येऊन बसला. काही विचारलं नाही, नुसता माझ्या हाताकडे बघत होता. दुसऱ्या दिवशी बघते तर माझ्या पाटीवरचं बटण दुप्पट मोठं, आणि डाव्या बाजूला. या हाताला सोपं पडावं म्हणून.” तिनं डावा हात वर केला. “मी मागितलं नव्हतं.”

बाहेर पाळी सुटल्याची घंटा झाली. लोक कोट घालायला लागले. मी एकूण बेरजेला चौदानं भागलं आणि एकेका नावापुढे तोच आकडा लिहीत गेले.